धाकटीचे टोमॅटो

टोमॅटोच्या झाडांना एक रोग होता, आणि थोरलीच्या घरात सगळे त्याला जावईबापू म्हणायचे.

नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं. हा विषाणू पहिल्यांदा त्यांच्या टोमॅटोच्या काचघरांत शिरला तेव्हा दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. पण हंगाम सरला तरी पीक बऱ्यापैकी हाती आलं. शेंड्याची पानं जराशी मुरडलेली, कुठेकुठे पिवळा ठिपका, फळांचा रंग किंचित फिका, एवढंच. पुढच्या हंगामात सगळं धुऊनपुसून नवी रोपं लावली, तर हा पुन्हा हजर. "आला, बसला, दोन घास जास्तीचे खाल्ले, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात," नवरा म्हणाला. "आता याला हाकलायचं कसं? जावईच आहे हा."

तिथून ते नाव पडलं. आजूबाजूचे काचघरवालेही तेच म्हणू लागले. उलट सगळ्यांना त्याचा थोडा आधारच वाटायचा. झाडाला एकदा हा सौम्य रोग झाला की त्याची दांडगी भावंडं त्या झाडात शिरत नाहीत, असं रोपवाटिकेतले लोक सांगायचे आणि ते खरंही होतं. वर्षानुवर्षं जावईबापूंच्या संगतीनं टोमॅटो पिकत होते, बाजारात जात होते.

थोरलीची धाकटी बहीण तिथून बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहायची. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं, आणि बायकोही मास्तरच म्हणायची. घराच्या मागच्या बाजूला धाकटीनं जुन्या खिडक्यांच्या तावदानांचं एक छोटं काचघर उभं केलं होतं. विकण्यासाठी नाही, हौसेसाठी. गल्लीतल्या प्रत्येक घरात तिचे टोमॅटो जायचे. दोघी बहिणींची यावरून कायम चढाओढ. थोरली म्हणायची, "तुझं काय, खेळातलं काचघर." धाकटी म्हणायची, "पण चव बघ आणि मग बोल."

धाकटीला पोटाचं दुखणं झालं. आधी साधं वाटलेलं ते साधं नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं दवाखान्यात राहायला साफ नकार दिला आणि घरी आली. थोरलीनं आपलं काम नवऱ्यावर टाकलं, एका पिशवीत चार कपडे भरले आणि बहिणीकडे जाऊन राहिली.

धाकटीला पलंगावर चैन पडत नसे. दुपारचं ऊन जरा उतरलं की ती म्हणायची, "मला मागे ने." मग मास्तर आणि थोरली दोघं तिला धरून काचघरात नेत, वेताच्या खुर्चीत उशा लावून बसवत. मास्तर शाळेच्या वह्या तपासायला आत जात आणि बहिणी दोघीच उरत. थोरली झाडांच्या बगलेतले फुटवे काढायची, वाढलेला वेल सुतळीला वळवून बांधायची. तिची छोटी कात्री नेहमी शर्टाच्या खिशात असे, ती इथंही होती. धाकटी खुर्चीतून हुकूम सोडायची.

"तो नाही, त्याच्या खालचा. अगं, तो फुलांचा घोस आहे! दिसत नाही का तुला?"

"आयुष्य गेलं माझं यात."

"म्हणून तर भीती वाटतेय."

धाकटीची सुतळी बांधायची एक स्वतःची गाठ होती, दुहेरी वळसा घालून वर एक फास. थोरलीनं आपल्या पद्धतीनं बांधली की तिला ते खपत नसे. मग थोरली ती सोडून पुन्हा बांधायची. आपण मरणाच्या दारातल्या माणसाशी गाठीवरून भांडतोय, हे मनात आलं की तिला हुंदका यायचा, आणि तो ती झाडाआड दडवायची.

एका दुपारी धाकटीनं हात लांब करून एक शेंडा खाली ओढला. "ताई, हे बघ गं. माझ्याकडेही आले वाटतं तुमचे जावईबापू."

थोरलीनं पान उलटसुलट करून पाहिलं. पान अरुंद झालं होतं, मधे फुगे आल्यासारखं वर उचललेलं. पिवळे ठिपके जरा भडक होते. पण ऊन तिरपं पडलं होतं, आणि बहीण कितीतरी दिवसांनी थट्टेच्या सुरात बोलत होती.

"तेच ते," थोरली म्हणाली. "आता काढता येणार नाहीत."

"म्हणजे माझं काचघर सासुरवाडी झालं म्हण की!" धाकटी हसली. इतकी हसली की तिला कळ आली, आणि मग थोरलीनं तिला उचलूनच आत नेलं.

त्यानंतर ती काचघरात फारशी आली नाही. एका सकाळी ती गेली. मास्तर तिच्या उशाशी बसले होते आणि थोरली स्वयंपाकघरात पाणी तापवत होती.

थोरली आपल्या घरी परतली तेव्हा नवरा म्हणाला, "चार दिवस पडून राहा." पण पडलं की डोळ्यांसमोर ती वेताची खुर्ची यायची. दुसऱ्याच दिवशी ती काचघरात शिरली. दाराजवळच्या ओळी नेहमी तिच्याच असत, आतल्या ओळी कामाच्या बायका आणि नवरा करायचे. तिनं पहिल्या झाडापासून सुरुवात केली. अंगात तोच शर्ट होता, खिशात तीच कात्री. झाडामागून झाड ती फुटवे काढत गेली. कुणी बोलायला नव्हतं, आणि तेच बरं वाटत होतं.

पुढच्या काही आठवड्यांत दाराजवळच्या झाडांचं काहीतरी बिनसलं. शेंडे आकसून सुईसारखे झाले. खोडांवर तपकिरी रेघा उठल्या. फळं लाल व्हायच्या ऐवजी लाल-पिवळी, ढगाळ, जणू आत काही सांडलं आहे अशी. नवरा डोकं खाजवत म्हणाला, "जावयाचं डोकं फिरलं की काय?" पण हसला नाही. व्यापाऱ्यानं एक दिवस सगळे क्रेट जसेच्या तसे परत पाठवले, आणि मग त्यांनी पीकसंरक्षण खात्याला कळवलं.

खात्यातून एक तरुण तपासनीस बाई आली. पायात पिशव्या, हातात मोजे, अंगावर पांढरा झगा. तिनं प्रत्येक ओळीतली पानं वेगवेगळ्या पुड्यांत घेतली आणि गेली. परत आली तेव्हा टोमॅटो भरायच्या शेडमध्ये एका उलट्या क्रेटवर बसली आणि चहा नको म्हणाली. थोरलीनं हातातला कप बाजूला ठेवला.

"हा तुमचा नेहमीचा विषाणू नाही," बाई म्हणाली. "त्याच्याच कुळातला, पण नवा प्रकार. दाराजवळच्या ओळींत तुमचा जुना शोधूनही सापडला नाही. मधल्या ओळींत दोन्ही आहेत, आणि तिथं झाडांचे सगळ्यांत जास्त हाल आहेत. पार टोकाच्या ओळींत अजून जुना एकटा आहे. पण तोही फार टिकायचा नाही."

"जुना असला की दुसरा येत नाही ना?" नवरा म्हणाला. "आजवर तर असंच ऐकत आलो."

"सख्खा भाऊ असता तर अडला असता. हा लांबचा आहे, याला जुना अडवू शकत नाही. एकाच झाडात दोघं आले की हा भराभर वाढतो. सगळी जागा हाच खातो. दुसऱ्या भागांतही आम्ही हेच बघतोय. जिथं हा पोचला तिथं जुना दोन-तीन हंगामांत नाहीसा होतो."

थोरलीला उगाच त्या जुन्या रोगाची कीव आली. रोगाची कसली कीव करायची, पण आली.

"काकू, हा वाऱ्यानं पसरत नाही," बाई आता तिच्याकडे वळली. "हातानं पसरतो, कात्रीनं, कपड्यांनी. दाराजवळच्या ओळी कोण करतं?"

"मी."

"मधे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या टोमॅटोत काम केलंत का?"

थोरलीच्या आधी नवराच बोलला. "तिची बहीण गेली. ती तिकडे सेवेला होती. गावातलं घर आहे हो ते, मळा नाही."

हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. थोरली खाली मान घालून बसली. तपासनीस बाईनं दोघांकडे पाहिलं. ती काही भोळी नव्हती, पण निष्ठुरही नव्हती. "मी परवा येते," ती उठत म्हणाली. "तुमची झाडं काढावी लागतील, ते तर आहेच. पण हा जिथून आलाय, तिथून आणखी कुठंकुठं जात असेल. आठवलं तर सांगा."

ती गेल्यावर नवऱ्यानं शेडचं दार लोटून घेतलं.

"अहो, असं का बोललात?" थोरली म्हणाली.

"मग काय बोलू? आपलं जायचं ते गेलं. आता मास्तरांच्या दारात माणसं पाठवायची? तो आधीच अर्धा झालाय. ती झाडं सोडून त्याच्याकडे काय उरलंय?"

तिच्याही मनात तेच होतं. तावदानांच्या त्या खोलीत बसून मास्तर रोज संध्याकाळी झाडांशी बोलतात, हे तिला ठाऊक होतं. एरवी टोमॅटो आणि भोपळ्याच्या रोपांतला फरक न कळणारा माणूस आता तिला फोन करून विचारायचा, "ताई, खालची पानं पिवळी पडली तर काढायची का हो?" दर रविवारी फोन यायचा. बोलणं झाडांपासून सुरू व्हायचं आणि धाकटीवर येऊन थांबायचं. धाकटीबद्दल थोरलीशी असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

तो दिवस रविवारच होता. मास्तरांचा आवाज कधी नव्हे तो उल्हसित होता.

"ताई, एक गंमत सांगू? मागे एक फुटवा काढला होता, फेकवेना म्हणून ग्लासात पाण्यात ठेवला. त्याला मुळं फुटली! म्हणजे ही झाडं संपणारच नाहीत. एकाची चार, चाराची सोळा. मी सगळे फुटवे लावले. शिंपीणबाईंना एक दिलं, शाळेच्या शिपायाला दिलं, गल्लीत तर सगळ्यांना दिली. सगळ्यांना हवीयत, तिची म्हणून. तो मोठा काचघरवाला आहे ना पुलापलीकडे, त्यानंही नेली. म्हणाला, बाईंच्या टोमॅटोची चव अजून तोंडात आहे."

थोरलीच्या हातातला फोन जड झाला.

"ताई? आहात ना? तुमच्यासाठी सगळ्यांत चांगलं ठेवलंय हं. येऊन घेऊन जा."

"येते," ती म्हणाली. "उद्याच येते."

फोन ठेवून ती नवऱ्याजवळ जाऊन बसली आणि ऐकलेलं सगळं तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग लपवून चालणार नाही."

"नाहीच चालणार. पण खात्याची माणसं जायच्या आधी मी जाते. हे त्यांना परक्या तोंडून कळायला नको."

सकाळी निघताना तिनं गरम पाण्यानं आंघोळ केली, कोपरापर्यंत साबण चोळून हात धुतले, कपाटातले न वापरलेले कपडे घातले. बसमध्ये खिडकीशी बसून ती वाक्यं जुळवत राहिली आणि एकही जुळलं नाही.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या बाहीला माती लागली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लास, बरण्या, एक फुटका जग, सगळ्यांत हिरवे फुटवे उभे. पाण्यात पांढरी मुळं सुटलेली. पानांवर भडक पिवळे ठिपके. आता ते कुठल्याही उन्हात चुकणारे नव्हते.

"बसा, चहा टाकतो," मास्तर म्हणाले. "हे बघा तुमचं."

"मास्तर, आधी बसा."

तिनं सांगितलं. आडवळण न घेता, जसं सुचलं तसं. आपल्याकडे काय झालं, तपासनीस बाई काय म्हणाली, तो नवा रोग हातानं कसा जातो. आणि हा तिच्याकडे या घरातून गेला.

मास्तर गणिताच्या माणसासारखे एकेक पायरी तपासत गेले.

"म्हणजे ही असतानाच तो झाडांत होता?"

"हो. तिनंच मला पहिल्यांदा पान दाखवलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आमच्याकडचा जुनाच आहे म्हणाले."

"ओळखू आला नाही तुम्हाला."

"नाही."

चहाचं पाणी उकळून आटत चाललं होतं. तिनं उठून गॅस बंद केला. मास्तर खिडकीकडे बघत होते. मग ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "तुमची झाडं गेली म्हणून माझीही जायला हवीत का, ताई? तुम्ही पुढच्या हंगामात दुसरी लावाल. मी कुठून आणू? हिनं हातानं पेरलेलं बी होतं हे."

"रोपं दिलीत ना तुम्ही लोकांना. त्या पुलापलीकडच्याचं सगळं घर त्यावर चालतं."

"मला रोगाचं माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं."

मास्तरांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. धाकटी गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. थोरलीला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. आपला हात पाहून तो तिनं मांडीवरच ठेवला.

शेवटी तेच म्हणाले, "बोलवा तुमच्या बाईंना."

थोरली तिथंच थांबली, आणि दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई दोन माणसं घेऊन आली. माणसांनी आत शिरून सुतळ्या कापायला सुरुवात केली तसे मास्तर पुढे झाले. "थांबा. कापू नका. मी सोडतो."

माणसं बाईकडे पाहू लागली. बाईनं घड्याळाकडे पाहिलं, मग काचघराकडे, आणि म्हणाली, "सोडू दे त्यांना."

मास्तरांनी एकेक गाठ सोडली. दुहेरी वळसा, वर फास. त्यांची बोटं या कामाला सरावलेली नव्हती. काही गाठी सुतळी ओली होऊन घट्ट बसल्या होत्या, तिथं ते नखानं, मग दातानं धडपडत राहिले. थोरलीनं मदत करू का विचारलं, ते नको म्हणाले. गाठ सुटली की वेल आपल्या भारानं खाली बसायचा, आणि ती माणसं तो न बोलता मोठ्या काळ्या पिशवीत घालायची. हिरवी फळं होती, अर्धी पिकलेली होती. तीही पिशवीत गेली. खिडकीतल्या बरण्या शेवटी रिकाम्या झाल्या. थोरलीसाठी राखलेलं रोपही त्यात होतं. बाईनं सगळ्यांना सांगितलं, मातीही जाईल, तावदानं धुवावी लागतील, काचघरात जाताना अंगावर असलेले सगळे कपडे कढत पाण्यात धुवा, हात साबणानं.

"आता दिलेली रोपं," बाई म्हणाली. "मी जाऊन आणते. कुणाकुणाला दिलीत तेवढं सांगा."

"नाही," मास्तर म्हणाले. "देताना मी गेलो होतो. परत मागायलाही मीच जातो."

थोरली त्यांच्याबरोबर निघाली. त्यांनी तिला या म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही.

गल्लीतली आणि शाळेच्या शिपायाकडची रोपं पटापट मिळाली. लोक गोंधळले, पण मास्तरांचा चेहरा पाहून कुणी जास्त विचारलं नाही. शिंपीणबाईंनी शिवणयंत्राजवळच्या खिडकीतली कुंडी उचलून आणली. त्या रोपाला एक फळ धरलं होतं, बोराएवढं. "हे तरी राहू दे का?" त्यांनी विचारलं. "मी काही लावत-बिवत नाही हो, नुसतं बघायला." मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. मग थोरलीच म्हणाली, "नाही, बाई. तेही द्या." शिंपीणबाईंनी कुंडी दिली, आणि थोरलीकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ही कोण कुठली उपटसुंभ.

पुलापलीकडच्या काचघरवाल्याकडे ते शेवटी गेले. त्यानं मास्तरांची रोपं कौतुकानं आपल्या टोमॅटोच्या पहिल्याच ओळीत लावली होती. शेजारच्या झाडांचे शेंडे मुरडायला लागले होते, आणि त्याला ते पाणी कमी पडल्यामुळे वाटत होतं. थोरलीनं दारातूनच ओळखलं. आत पाय न टाकता तिनं त्याला काय ते सांगितलं.

तो आधी समजलाच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला.

"मेलेल्या बाईच्या नावावर रोग वाटत फिरता?" तो मास्तरांवर ओरडला. "लाज नाही वाटत?"

"चूक माझी आहे," थोरली घाईघाईनं म्हणाली. "मी बघितलं होतं, मला ओळखायला हवं होतं."

"नाही," मास्तर म्हणाले. "झाडं मी दिली."

तो माणूस आणखी बरंच बोलला. त्याची बायको बाहेर येऊन त्याला आत घेऊन गेली. परत येताना पुलावर मास्तर एकदा थांबले, कठड्याला हात लावला, मग पुढे चालू लागले. बसला निघताना थोरली म्हणाली, "मास्तर, मला माफ करा." ते म्हणाले, "तुमची काही चूक नाही, ताई." ते खरंच तसं मानत होते. पण एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

थोरलीची काचघरं रिकामी झाली. काचा, गज, तारा, सगळं औषधानं धुतलं. पुढच्या हंगामात नवं बी आलं, नवे नियम आले. आत जाताना झगा, हातमोजे, पायाखाली औषधाचा पट्टा, आणि प्रत्येक ओळीची कात्री वेगळी. तपासनीस बाई अधूनमधून पुड्या घेऊन येत राहिली. नवा विषाणू आसपासच्या काचघरांत अजून इथंतिथं डोकं वर काढत होता. जुना मात्र कुठल्याच पानात मिळाला नाही. "गेला तो," बाईनं सांगितलं. "या भागातून तर गेलाच." नवऱ्यानं मान हलवली. नव्याला त्यानं कुठलंही नाव ठेवलं नाही. घरात त्याला नुसतं "ते" म्हणतात.

रविवारचे फोन काही दिवस येत राहिले. मग थोरलीच करू लागली. मास्तर सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं द्यायचे. जेवण होतंय, शाळा ठीक आहे, थंडी वाढलीय. ती धाकटीचं काही बोलली की ते म्हणायचे, "बरं, ताई, ठेवू?" लहानपणी दोघी बहिणींनी काय काय केलं, धाकटी रागावली की कशी फुरंगटून बसायची, हे तिला कुणाला तरी सांगायचं असायचं. नवरा ऐकायचा, पण त्यानं धाकटीला फक्त पाहुणी म्हणून पाहिलं होतं.

"वेळ जाऊ दे," तो म्हणायचा. "माणूस विसरतो."

"मला तेच तर नकोय," ती म्हणायची.

वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस मास्तर न कळवता आले. त्यांनी बदली मागून घेतली होती, लांबच्या शाळेत. घर विकलं होतं. नव्या मालकांना मागच्या अंगणात मोटार ठेवायची होती. मास्तर बारीक झाले होते. जेवायला बसले, पण नुसते चिवडत राहिले. काचघर बघायला या म्हटलं तर म्हणाले, "नको. बाहेरून आलेल्या माणसानं आत जाऊ नये." ते टोमणा मारत नव्हते. सरळ मनानंच म्हणाले, आणि थोरलीला तेच सोसवलं नाही.

निघायच्या आधी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"हिचा स्वेटर आहे. शेवटी शेवटी काचघरात बसायची तेव्हा अंगात हाच असायचा. बाकी सगळं देऊन टाकलं, हा तुमच्यासाठी ठेवला." मग जरा घुटमळून म्हणाले, "घरात ठेवायला हरकत नाही. बाईंनी सांगितलं होतं तसा कढत पाण्यात धुतलाय. दोनदा. लोकर होती, आटलाय थोडा."

थोरलीनं तो दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला. साबणाचा वास होता. त्याच्याखाली आणखी काही असेल म्हणून तिनं पुन्हा श्वास घेतला.

मास्तर तिच्याकडे पाहत होते. "नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मीही बघितलं."

नवरा त्यांना बसपर्यंत सोडायला गेला. थोरली फाटकाशी उभी राहिली. मग आत येऊन तिनं स्वेटर अंगात चढवून बघितला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या आणि खांद्यात तो आवळत होता. तिनं काढला नाही. संध्याकाळच्या फुटव्यांचं काम राहिलं होतं, बायका दारात खोळंबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, हे घालून आत नाही ना जायचं?"

"नाही," थोरली म्हणाली. "तुम्ही जा पुढे. मी आलेच."